अठ्ठावीस कंबरेची अर्धविजार

दोन हजार बावीस साल. त्या वर्षी फुलसावंगीत सोयाबीन भिजलं, कापसाला दर बरा निघाला आणि कै. झिंगराजी पाटील कन्या विद्यालयातली दहावीची उज्ज्वला राठोड यवतमाळच्या जिल्हा किक-बॉक्सिंग स्पर्धेत पहिली आली. पहिल्या दोन गोष्टी लोक विसरले. तिसरी लक्षात राहिली, कारण जिंकता जिंकता तिची चड्डी फाटली.

चड्डी मुळात तिच्या भावाची होती, फुटबॉलची. उज्ज्वलाने समोरच्या मुलीच्या कानापर्यंत लाथ नेली आणि जुनं धोतर दोघांनी दोन बाजूंनी ओढावं तसा आवाज आला. पुढचा सगळा सामना तिने गुडघ्याला गुडघा चिकटवून, नुसत्या बुक्क्यांवर जिंकला. पंचांनी हात वर करून तिला विजयी घोषित केलं आणि खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, "अमरावतीला विभागीय स्पर्धेत हे चालणार नाही. नीट शॉर्ट्स घालून ये, नाहीतर रिंगमध्ये पाय ठेवू देणार नाहीत."

हे विमलताईंनी ऐकलं. विमलताई त्याच शाळेच्या निवृत्त ड्रिल शिक्षिका. निवृत्त झाल्या तरी रोज संध्याकाळी मैदानावर येत, कारण येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती आणि थोडी धास्तीचीही होती. कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, हे त्यांना पन्नास वर्षांमागचं आठवे. त्यांनी एकदा एका मैत्रिणीच्या लेकीला पोपटी रंगाचं ब्लाउजपीस दिलं होतं. ते घड्या न मोडता अकरा वर्षांनी त्यांच्याच भाचीच्या लग्नात त्यांच्याच ओटीत परत आलं. त्यांनी ते ओळखलं, कुरवाळलं आणि पुढच्या लग्नात पुढे दिलं. आपल्याकडे आहेराचं कापड शिवायचं नसतं. फिरवायचं असतं.

परतीच्या एसटीत उज्ज्वला खिडकीला टेकून म्हणाली, "बाई, मले एक चड्डी भेटली ना, तं मी अमरावतीले कोणालेच ऐकत नाही."

"मी बघते," विमलताई म्हणाल्या.

उज्ज्वलाचे वडील देवसिंग तर दुसऱ्याच दिवशी तांड्यावरून उमरखेडला शॉर्ट्स आणायला निघाले होते. विमलताईही पर्स घेऊन निघाल्या होत्या. दोघांनाही संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी चौकातच अडवलं.

"बाई, तुमी घरून चड्डी घेऊन देसान, तं संस्थेची काय इज्जत राहिली? पोरगी संस्थेची, तं चड्डीबी संस्थेचीच पाह्यजे."

"मग द्या ना, भाऊ. एकच तर पाहिजे."

"देतो ना बाप्पा! समिती बसवतो."

"एका चड्डीसाठी समिती?"

"उद्या कोणी इचारलं का ही चड्डी कोणं निवडली, तं नाव कोणाचं सांगाचं?"

"माझं सांगा."

पुंडलिकराव हसले. "एकाचं नाव आलं का भानगड होते, बाई. चौघायचं आलं का धोरण होते."

अशा रीतीने 'क्रीडा अर्धविजार (टिकाऊ व आरामदायक) निवड समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष पुंडलिकराव. तज्ज्ञ सदस्य इंद्रजीत सर. त्यांनी किक-बॉक्सिंगचं शिबिर केलं होतं आणि ज्या दिवशी लाथ शिकवली त्या दिवशी त्यांना ताप होता. महिला सदस्य म्हणून शकुबाई, म्हणजे पुंडलिकरावांच्या सौभाग्यवती. विमलताई निमंत्रित. उज्ज्वलाला घ्यावं, असं विमलताईंनी सुचवलं तेव्हा सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जिले घालाची हाय तिनंच निवडाची?" पुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले. "यात हितसंबंध येते, बाई."

नमुने ढाणकीचे राजकुमारशेठ घेऊन आले. त्यांचं दुकान शाळेच्या गणवेशांचं, ताडपत्रीचं आणि लग्नाच्या आहेराचं होतं. त्यांनी टेबलावर नाना प्रकारच्या अर्धविजारी मांडल्या. समितीने प्रथम टिकाऊपणाची चाचणी घ्यायचं ठरवलं. टिकाऊ म्हणजे काय हे कापूस-सोयाबीनच्या गावाला शिकवावं लागत नाही. प्रत्येक विजारीच्या दोन्ही पायांची तोंडं सुतळीने बांधली, कंबरेतून सोयाबीन भरलं आणि ती शाळेच्या कडुनिंबाला लटकवली. एकेक विजार उसवली, गळली, बाद झाली. शेवटी एक टिकली. राजकुमारशेठने अभिमानाने सांगितलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकतात त्याच जातीचं हे कापड आहे. समितीने खाली उभं राहून वर पाहिलं. सोयाबीनने फुगलेली ती अर्धविजार वाऱ्यावर हळूहळू फिरत होती, जणू मुंडकं नसलेला कोणी जाडजूड इसम झाडावर बसायला आला आहे.

"दाणा गळला नाही," पुंडलिकराव गहिवरून म्हणाले.

"भाऊ, पोरीला सोयाबीन नाही भरायचं," विमलताई म्हणाल्या. "लाथ वर जाते तेव्हा कापड आडवं ताणतं. जांघेत जोड पाहिजे, बाजूला चीर पाहिजे, आणि कापड रबरासारखं लवणारं पाहिजे."

"चीर?" पुंडलिकराव दचकले. "म्हणजे दुकानातूनच फाटलेली घ्याची? अन् तिले टिकाऊ म्हणाचं?"

इंद्रजीत सरांनी मान डोलावली. तज्ज्ञ म्हणून त्यांचं तेवढंच काम होतं.

शकुबाईंनी लांबीचा मुद्दा काढला. "गुडघा झाकला पाह्यजे. पोरीची जात हाय."

"शकू," विमलताई म्हणाल्या, "तुझी सासू लुगड्याचा काष्टा मारून शेतात कपाशीची पऱ्हाटी निंदायची. मी पाहिलंय. पोटऱ्या, गुडघे, सगळं उघडं. चिखलात धावायची, बैलाला लाथ हाणायची, बांधावरून उडी मारायची. कोणी समिती बसवली नव्हती."

"ते लुगडं होतं, बाई. लुगड्यात उघडं पडलं तं ते लुगडं असते. चड्डीत झाकलं तरी ते चड्डीच असते."

हे इतकं बरोबर होतं की इतिवृत्तात घ्यावं लागलं.

मग आरामदायकतेची चाचणी. ती मात्र प्रत्यक्ष अंगावर घेणं आवश्यक होतं, आणि लाभार्थीला हितसंबंधामुळे परवानगी नव्हती. त्यामुळे हा भार अध्यक्षांनी स्वतः उचलला. ताडपत्रीची ती अर्धविजार पुंडलिकरावांनी पायजम्यावरून चढवली. ती घालून ते ओसरीत बसले, झुणका-भाकर जेवले, दुपारी झोपले आणि चहाला उठले. त्यांनी अहवाल दिला: "बसाले चांगली, जेवाले मोकळी, झोप तं इतकी लागली का विचारू नोका. आरामदायक हाय." कंबर चव्वेचाळीस. ज्या मापात आराम सिद्ध झाला तेच माप प्रमाण धरावं, असं ओघानेच ठरलं. वेगवेगळी मापं घेतली तर समानता राहिली नसती.

आणि एक चड्डी मागवता येईना. एकीला दिली तर बाकीच्यांवर अन्याय. म्हणून सगळ्या मुलींसाठी गाठोडंभर मागणी गेली, सगळी चव्वेचाळीस कंबरेची.

तेव्हा विमलताईंनी आयुष्यातलं शेवटचं अस्त्र काढलं. "ठीक आहे. मी चड्ड्यांच्या लोकार्पणाला येणार नाही."

गावात कोणी मेलं तरी चालतं. समारंभाला न आलेलं चालत नाही. पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. राजकुमारशेठ मध्ये पडले. त्यांच्याकडे चुकून आलेली एक शॉर्ट्स पडून होती. निळी, लवचिक, बाजूला चीर, जांघेत चौकोनी जोड, कंबर अठ्ठावीस. कोणी घेत नव्हतं. ती 'विशेष बाब' म्हणून गाठोड्यात टाकण्यास समितीने मान्यता दिली.

गाठोडं आलं त्या दिवशी उज्ज्वला सरांच्या खोलीच्या दारात उभी होती. विमलताईंनी निळं पाकीट शोधून तिच्या हातात दिलं. तिने प्लॅस्टिकवरूनच बोटाने दाबून पाहिलं, दोन्ही हातांनी जरा ताणलं.

"लवते, बाई." तिचे डोळे मोठे झाले. "मस्त लवते! घालून पाहू?"

"अं हं," इंद्रजीत सर म्हणाले. "लोकार्पण झाल्याशिवाय फोडाचं नाही. ठेव खाली."

तिने ठेवलं. ठेवताना पाकिटावरून तळहात फिरवला, जसं कोणी कोंबडीच्या पिलावरून फिरवतं.

लोकार्पणाची तारीख यवतमाळच्या मोठ्या साहेबांवर अवलंबून होती. ते कोणत्या खात्याचे हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या गाडीला पडदे होते, तेवढं पुरे होतं. साहेबांना वेळ मिळाला तो अमरावतीच्या स्पर्धेच्या आदल्या आदल्या दिवशी. मांडव पडला. मुली सकाळपासून उन्हात दोन रांगांत बसल्या. साहेब दुपारी आले.

आणि तेव्हा कळलं की सत्काराच्या टॉवेल-टोप्या आलेल्याच नाहीत. तुळशीचं लग्न उरकून लग्नाच्या तिथी सुरू झाल्या होत्या आणि ढाणकीपासून उमरखेडपर्यंत एक टॉवेल शिल्लक नव्हता. साहेब मंचावर रिकाम्या मांडीने बसलेले. पुंडलिकरावांच्या कपाळावर घाम आला. विदर्भात पाहुण्याला उपाशी ठेवता येतं, रिकामं पाठवता येत नाही.

शकुबाई पदर खोचून पुढे आल्या. "गाठोडं हाय ना तं! पाकीटबंद हाय, नवंकोरं हाय, कापड तुमच्या टॉवेलाहून भारी हाय."

"अवो, पण ते पोट्ट्यायचं..."

"पोट्ट्या घरच्याच हायत. पाव्हणा रोज येते काय?"

साहेबांचा श्रीफळ आणि अर्धविजार देऊन सत्कार झाला. साहेबांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांबरोबरचे दुसरे साहेब. मग माजी अध्यक्ष. मग ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून ते रागावून मांडवाबाहेर गेले होते ते, आणि त्यांना समजावून आणणारे. मग मांडववाले, भोंगेवाले, साहेबांचे ड्रायव्हर. प्रत्येक नावाला सूत्रसंचालक म्हणत होता, "आता मी विनंती करतो..." आणि गाठोडं खचत होतं. उज्ज्वला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिचे डोळे पाहुण्यांवर नव्हतेच. ते गाठोड्याच्या तळाशी दिसणाऱ्या निळ्या कोपऱ्यावर होते. शेवटी तो एकच उरला. तिने टाळ्या थांबवल्या आणि ओढणी सारखी केली, उठायच्या तयारीत.

"आणि आता, शाळेच्या माजी शिक्षिका, आदरणीय विमलताई!"

विमलताई मंचावर गेल्या. निळं पाकीट त्यांच्या हातात पडलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. देवानेच योग्य हाती दिलं. त्या तिथूनच वळल्या, उज्ज्वलाला हाक मारायला तोंड उघडलं.

"बाई," पुंडलिकराव कानाशी म्हणाले, "हा तुमचा मान हाय. देणाऱ्याच्या पुढ्यात दुसऱ्याले देता? साहेब पाहून राह्यले."

तसं खरंच करत नाहीत. विमलताईंनी पन्नास वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांनी उज्ज्वलाला डोळ्यांनी खूण केली: संध्याकाळी तांड्यावर आणून देते. उज्ज्वलाने मान हलवली. ती हसलीसुद्धा.

मांडवातून बाहेर पडताना शकुबाईंनी विमलताईंचा हात धरला. शेजारच्याच मांडवात लीलाबाईच्या लेकीचं लग्न लागत होतं, मुहूर्त टळून दोन तास झाले होते, म्हणजे अगदी वेळेवर होतं. "दोन अक्षता टाका अन् जा, बाई. नाही गेल्या तं लीलाबाई जन्मभर बोलंल."

विमलताई गेल्या. अक्षता टाकल्या. दारात लीलाबाई दोन्ही हात पसरून उभी. सगळी बायकामंडळी बघत होती. विमलताईंच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात निळं, नवंकोरं, पाकीटबंद काहीतरी.

"अवो बाई, कायले तरास घेतला एवढा!" लीलाबाई म्हणाली आणि पाकीट घेतलं.

विमलताईंच्या तोंडून एक शब्द निघाला, तो असा: "असू दे."

त्या एका शब्दासाठी... खरं तर दोन शब्दांसाठी, त्या नंतर अनेकदा जाग्या राहिल्या. पण तुम्ही सांगा, लग्नघरातून आहेर परत कसा मागायचा? त्याची रीत कोणी घालून दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लीलाबाईकडे पोचल्या.

"लीला, काल ते निळं पाकीट..."

"लय मोठं मन तुमचं, बाई! व्याह्यायच्या बहिणीले देले. तिच्यासाठी काही ठेवलंच नव्हतं, तुमच्यामुळं इज्जत वाचली. ते लोक सकाळच्याच गाडीनं पुसदले गेले."

पुसदहून ते कुठे गेलं असेल, हे विमलताईंना कोणी सांगायची गरज नव्हती. पोपटी ब्लाउजपीसला परतायला अकरा वर्षं लागली होती. स्पर्धा उद्या होती, आणि अमरावतीची गाडी आज दुपारचीच.

त्या तांड्यावर गेल्या तेव्हा उज्ज्वलाची आजी मानीबाई दारातच बसली होती. हाती जुन्या फेटियाचा, म्हणजे आपल्या बंजारा घागऱ्याचा, आरसेवाला तुकडा होता आणि त्याचं ठिगळ ती भावाच्या फाटक्या चड्डीला लावत होती.

"बाई नाही आणणार, मले माहीत होतं," मानीबाई वर न बघता म्हणाली. "मंचावरून उतरलेली वस्तू तांड्यापर्यंत येत नसते. छोरी, इकडं ये, माप दे."

उज्ज्वला माप द्यायला आजीसमोर जाऊन उभी राहिली. विमलताईंना ती चार शिव्या देईल तर बरं, असं वाटलं.

अमरावतीला भल्या सकाळी वजनं झाली. बाजार उघडायला अवकाश होता. पंचांनी ठिगळाकडे पाहिलं. आरशांत दिव्यांचा झगमगाट पडत होता. "हे काय आहे? प्रतिस्पर्ध्याचे डोळे दिपतील. बाहेर."

उज्ज्वला दोरीशी उभी राहिली. ग्लोव्हज चढवलेले, खाली लखलखणारी चड्डी. रडायचं म्हटलं तरी ग्लोव्हजनी डोळे पुसता येत नव्हते. तेव्हा समोरच्या कोपऱ्यातून तिची प्रतिस्पर्धी, अकोल्याची निशिगंधा, आपली पिशवी घेऊन आली.

"माझ्याकडं एक जास्तीची आहे. घाल. धुतलेली आहे."

"मी तुले हरवीन तरी?"

"आधी घाल तर खरी. मग बघू."

ना समिती, ना नारळ. उज्ज्वलाने ती घातली आणि तिसऱ्या फेरीत निशिगंधाला तिच्याच शॉर्ट्समध्ये हरवलं. नंतर दोघींनी मिळून स्टॅण्डवर कचोरी खाल्ली. विमलताई शेजारी बसल्या होत्या, पण त्यांनी आपली कचोरी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

गावी सत्कार झालाच. पुंडलिकरावांनी भाषणात सांगितलं की हे यश संस्थेच्या अर्धविजार धोरणाचं आहे. मग उज्ज्वलाच्या हाती शाल, श्रीफळ आणि एक पाकीट ठेवलं. त्या ताडपत्रीच्या विजारींपैकी एक शकुबाईंकडे माहेरच्या लग्नात आहेर म्हणून परत आली होती, तीच ही.

उज्ज्वलाने आभार मानले. मग सगळ्यांसमोर, मंचावरच, टर्रकन पाकीट फोडलं.

"आहेर फोडला!" कोणीतरी बाई पुटपुटली. उज्ज्वलाने ती विजार ट्रॅकपँटवरून चढवली. तिचे दोन्ही पाय एकाच पायात मावले असते. कंबर एका हाताने मुठीत आवळून धरली आणि उजव्या पायाने, पूर्ण ताकदीने, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवरून लाथ नेली. विजार फाटली नाही. फाटणार कशी? पाय कापडाला लागलाच नाही.

"पाह्यलं?" पुंडलिकराव उभे राहून गरजले. "याले म्हणते टिकाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विमलताईंनीही दोनदा वाजवल्या, सवयीने. मग हात थांबवले.

आता त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते. पुंडलिकरावांच्या पंचाहत्तरीला त्यांना इतक्या अर्धविजारी भेट आल्या की कोठीतली एक फळी त्यांनीच भरली. ते आता शाळेसाठी टिकाऊ मॅट निवडण्याच्या समितीवर आहेत आणि रोज दुपारी नमुन्यावर झोपून पाहतात. शकुबाई महिला सदस्य आहेतच. इंद्रजीत सर योग शिकवतात. त्यात लाथ नसते. राजकुमारशेठने ढाणकीत दुसरं दुकान काढलं, फक्त आहेराचं. लीलाबाईच्या लेकीला मुलगी झाली. मानीबाई गेल्या, त्यांच्या फेटियाचा उरलेला तुकडा उज्ज्वलाच्या ग्लोव्हजच्या पिशवीला लावलेला आहे. उज्ज्वला यवतमाळला कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी लहान मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी ती त्यांना एकच सांगते, "चड्डी घरून आणा." निशिगंधाला तिची शॉर्ट्स धुऊन परत केली होती, निशिगंधाने ती पुन्हा पाठवून दिली. दोन वर्षं वापरून वापरून ती फाटली. या सगळ्या गोष्टीत भेट मिळालेली आणि घालून घालून फाटलेली शॉर्ट्स ती एकच.

विमलताईंचं म्हणाल, तर त्या अजून प्रत्येक लग्नाला जातात आणि आहेराच्या टेबलापाशी जरा जास्तच रेंगाळतात. एकदा उमरखेडच्या एका मांडवात त्यांना ते दिसलं. निळं पाकीट. वरच्या चिठ्ठीवर एकाखाली एक नावं लिहून खोडलेली. त्यांनी हात पुढे केला, इतक्यात नवरीच्या आत्याने ते उचलून कोणाच्या तरी पिशवीत घातलं. कोणाच्या, ते गर्दीत दिसलं नाही.

तेव्हा तुमच्या कपाटातला वरचा खण जरा उघडा. ब्लाउजपीसच्या गठ्ठ्याखाली बघा. निळं आहे, बोटाने दाबलं तर लवतं, कंबर अठ्ठावीस. सापडलं तर तुमच्या गल्लीत एखादी पोरगी लाथा मारत असेल तिला देऊन टाका.

पण तुम्ही देणार नाही. येत्या रविवारी तुम्हालाही एका लग्नाला जायचं आहे, आणि हातात काही तरी पाहिजेच.